सतार शिकून पोट भरतं का?



नोकरीची जवळजवळ तीस वर्षं मी तुमच्या बांधावर उभा राहून काढली. उसावरचा लोकरी मावा, डाळिंबावरचा तेल्या, ज्वारीवरची खोडमाशी, ठिबकचं अनुदान, माती परीक्षणाचा कागद, हे माझे रोजचे विषय. पण खेड्यात हिंडणाऱ्या माणसाला लोक तेवढंच विचारत नाहीत. मुलाला कोणत्या कॉलेजात घालावं, मुलीला किती शिकवावं, हेही विचारतात. घरचा माणूस समजून विचारतात, म्हणून मीही जमेल तेवढी चौकशी करून सांगतो. असाच एक प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्यापुढं आला. शेतकऱ्याच्या मुलीनं विद्यापीठात जाऊन सतार शिकावी का? त्यानं पोट भरतं का? त्या निमित्तानं जे पाहिलं, ऐकलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तारेचं वाद्य आपल्या घरादाराला नवं नाही. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम असतो. रात्री दोनलाही कुणीतरी वीणेकरी ती गळ्यात घेऊन उभा असतो आणि त्याचे पाय दुखले की दुसरा पुढं होऊन आपल्या गळ्यात घेतो. ही वीणा, भजनातली एकतारी, गवयाचा तंबोरा आणि सतार ही सगळी एकाच कुळातली. ताणलेली तार छेडायची आणि तिचा बारीक आवाज पोकळीत घुमवून मोठा करायचा, हे सगळ्यांचं मर्म.

ती पोकळी पुष्कळदा आपल्याच शेतात पिकते. पंढरपूर, मंगळवेढा या भागातले काही शेतकरी तंबोऱ्याचे भोपळे घेतात. हा खायचा भोपळा नव्हे. कडू जातीचा, जाड सालीचा, चांगला माजला तर चार फुटांच्या आसपास घेर भरेल असा. तो वेलावरच पुरता पिकू द्यावा लागतो. घाईनं तोडला तर आक्रसतो, नाहीतर कुजतो. एकाच अंगावर पडून राहिला तर तिथं चपटा होतो, म्हणून खाली मऊ बैठक करून सांभाळावा लागतो. मग तो वाळवून मिरजेला जातो. मिरजेत शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या आणि पाजळणाऱ्या घराण्यांतल्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हा धंदा उभा केला. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतलं आद्य नाव. तलवारींचे दिवस सरले तेव्हा त्याच हातांनी तारा आणि खुंट्या धरल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता त्या घराची हकीकत सांगतो. मंगळवेढे तालुक्यातलं एक गाव. साडेतीन एकरांचं रान, त्यातलं दोन एकर कोरडवाहू, रब्बी ज्वारीचं. कडेला भोपळ्याचे थोडे वेल. घरधन्याला सारं गाव तात्या म्हणतं. त्यांच्या मुलीला गळा बेताचा, पण बोटं फार हलकी. सप्ताहातल्या वीणेला हात लावायची तिला लहानपणापासून ओढ. तालुक्याच्या गावी एक निवृत्त शिक्षक सतार शिकवत. त्यांच्याकडं ती शाळा सुटल्यावर जायची. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत ती मध्यमा पूर्ण झाली. २०१६ साली बारावीचा निकाल लागला आणि तिनं घरात सांगितलं, "मला बडोद्याला विद्यापीठात सतारीची पदवी करायची आहे."

तात्या माझ्याकडं आले ते बियाण्याची पिशवी घेऊनच. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "साहेब, पोरगी नर्सिंगला जाते म्हणाली असती तर रान गहाण टाकून पाठवली असती. ही म्हणती सतार. सतार शिकून पोट भरतं का वो?"

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही मिरजेला भोपळे देता त्याला किती वर्षं झाली?"

"वडलांपासनं."

"मग वाजलेली सतार कधी समोर बसून ऐकलीत?"

त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं भोपळा विकला, पण त्याचं पुढं काय होतं ते ऐकलं नव्हतं. पोरगी वाजवायची ती तालुक्याला, मास्तरांच्या सतारीवर. घरात वाद्य नव्हतंच. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, रान न बघता मी खताचा डोस सांगत नाही. आपण जाऊन बघू.

तात्या, मुलगी आणि मी एस.टी.नं पुणे गाठलं आणि तिथून रेल्वेनं बडोदा. सूरसागर तलावाच्या काठावर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत, नृत्य आणि नाट्याची शाखा आहे. तिचं मूळ १८८६ सालचं. सयाजीराव गायकवाड महाराजांनी मौलाबक्ष या थोर कलावंताला हाताशी धरून तेव्हा गायनशाळा काढली. मौलाबक्षांनी गाणं कागदावर लिहायची पद्धत बसवली आणि शिकवायला पुस्तकं लिहिली. पुढं १९४९ साली विद्यापीठ झालं आणि ही जुनी शाळा त्यात आली.

हे सयाजीराव कोण होते, हे मी तात्यांना तिथं उभ्या उभ्या सांगितलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातलं ते पोर. १८६३ सालचा जन्म. बारा वर्षांचे असताना, १८७५ साली, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. तात्या बराच वेळ त्या इमारतीकडं बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "म्हंजे आपल्यातल्यानंच काढलीया म्हना की."

बंधूंनो, यात मोठा अर्थ आहे. पूर्वी सतार, सरोद, सारंगी शिकायची तर उस्तादाच्या घरी राहावं लागे. विद्या बहुतेक बापाकडून मुलाकडं जाई. बाहेरच्याला मिळे, पण मर्जी सांभाळून, वर्षानुवर्षं सेवा करून. शेतकऱ्याच्या लेकीला त्या दारातून आत जाणं फार अवघड होतं. मौलाबक्षांसारख्यांनी, पुढं आपल्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी आणि मुंबईच्या विष्णु नारायण भातखंड्यांनी ही विद्या वर्गात आणली. पलुस्कर मिरजेत शिकले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडलं. भातखंडे वकील होते. देशभर फिरून त्यांनी घराण्यांतल्या चिजा गोळा केल्या आणि क्रमानं छापल्या. आज तुमच्या मुलीला विद्यापीठात कुणी विचारत नाही की तुझा आजा कोण होता. वाजवून दाखव, म्हणतात. घराण्याची तालीम काही संपलेली नाही आणि ती वर्गात पुरती मिळते असंही नाही. पण दार उघडं झालं, हे खरं.

आमच्या मुलीनंही वाजवून दाखवलं. यमन वाजवला. ऐकणाऱ्या बाईंनी मग तिचा हात हातात घेऊन बघितला आणि घरी काय काम करतेस, म्हणून विचारलं. खुरपणी, काढणी, धारा, असं तिनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "हात कष्टाचा आहे, हे चांगलं. आता तो सैल सोडायला शीक."

तिथल्या मोठ्या मुलांनी आम्हाला वाद्य उलगडून दाखवलं. दांडी आणि तबली लाकडाची, खाली भोपळा. वर वाजवायच्या सहा-सात तारा. त्यांच्याखाली अकरा ते तेरा तरफेच्या तारा, ज्यांना सहसा कुणी हात लावत नाही. वरच्या तारेवर सूर लागला की त्या सुराची खालची तार आपोआप थरथरते. पितळी पडदे दोऱ्यानं बांधलेले, रागाप्रमाणं पुढंमागं सरकवता येतात. उजव्या हाताच्या बोटात तारेची नखी. डाव्या हाताच्या दोन बोटांनी तार दाबायची आणि बाजूला ओढायची, त्याला मींड म्हणतात. एकाच पडद्यावर तार ओढून तीन-चार सूर पुढं जायचं आणि नेमक्या जागी थांबायचं. हे जमायला वर्षं जातात. सुरुवातीला बोटं चिरतात, मग घट्टे पडतात.

तेवढ्यात एक विद्यार्थी म्हणाला, "हिची जवारी काढायला झाली आहे." तात्यांनी कान टवकारले. आमच्याकडं जवारी काढायची म्हणजे माघ-फाल्गुनात पहाटे उठून रानात जायचं. पोरांनी हसत समजावून सांगितलं. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा अगदी सूक्ष्म उतार ठेवून घासायचा, म्हणजे तार थरथरताना त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि एका सुरातून अनेक बारीक सूर फुटतात. सतारीचा तो झणकार इथून येतो. रोज वाजवून घोडीला खाचा पडल्या की पुन्हा घासावी लागते. कानस एक केस जास्त फिरली तर आवाज बसतो. पूर्वी घोडी सांबरशिंगाची करत. त्याला आता कायद्यानं बंदी आहे, म्हणून उंटाचं हाड किंवा कृत्रिम साहित्य वापरतात. ही साधी कारागिरी नव्हे. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला होता. युरोपातल्या वाद्यांना लागू पडणारा नियम आपल्या वाद्यांना का लागत नाही, हे त्यांनी त्यात दाखवलं.

परतताना गाडीत तात्या म्हणाले, "जवारी दोनी बी कष्टाचीच दिसती." आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीच मानांकन मिळालं होतं, त्यामुळं त्यांचा ज्वारीचा अभिमान तेव्हा जरा जास्तच होता.

पण कौतुकानं निर्णय होत नसतो. घरी बसून आम्ही हिशेब मांडला. पदवी चार वर्षांची, पुढं शिकायचं तर आणखी दोन. वसतिगृह, खानावळ, येणंजाणं. शिकाऊ सतारीला दुभत्या म्हशीएवढे पैसे लागत नाहीत, पण तारा, नख्या, दुरुस्ती हा खर्च चालूच राहतो. मुलीच्या चुलत्यांचं म्हणणं होतं की वीस वर्षांची झाली की लग्न करून मोकळं व्हावं. तेव्हा तिची आई, जी इतका वेळ चुलीपाशी बसून ऐकत होती, ती म्हणाली, "माझ्या हातात खुरपं दिलं तवा मला कुणी इचारलं न्हवतं. तिला तर इचारलंय आन् तिनं सांगितलंय. आता ऐकून घ्या की."

मी सल्ला दिला तो बागेचा. तात्या, ज्वारी चार महिन्यांत घरात येते. आंब्याची बाग चार-पाच वर्षं नुसती पोसावी लागते. हे शिक्षण बागेसारखं आहे. बाग लावणारा शहाणा माणूस तीन गोष्टी बघतो. पाणी शेवटपर्यंत पुरेल का? झाडं मोठी होईतो आंतरपीक कोणतं? आणि फळ कुठल्या बाजारात जाणार?

पाणी म्हणजे पैसा. जमीन गहाण टाकायची नाही, हे पहिलं ठरलं. एक खोंड विकला. मुलीनं पहिल्या वर्षापासूनच सुट्टीत लहान मुलांना शिकवून थोडेबहुत मिळवायचं कबूल केलं. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती काढायची ठरली.

आंतरपीक म्हणजे जोडीची दुसरी विद्या. तार बदलणं, पडदे बांधणं, वाद्य जुळवणं हे तिनं मन लावून शिकावं आणि सुट्टीत मिरजेत बसून जवारीचं काम बघावं, असं ठरलं. वाजवणारे पुष्कळ निघतात, पण तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा मिळत नाही.

आणि बाजार. इथं मी कुणालाच फसवत नाही. मैफलीवर घर चालवणारे वादक फार थोडे. विद्यापीठ किंवा महाविद्यालयात शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी चांगल्या गुणांनी आणि वर नेट किंवा सेट परीक्षा, नाहीतर पीएच.डी. हवी. कायमच्या जागा कमी आणि उमेदवार जास्त. आकाशवाणीवर वाजवायचं तर चाचणी देऊन श्रेणी मिळवावी लागते. शाळांतून संगीत शिक्षक लागतात, पण सगळीकडं पूर्ण पगारी नाहीत. राहिल्या त्या खासगी शिकवण्या. तरीही या वाटेनं गेलेल्यांची उदाहरणं आहेत. व्हायोलिनवादक एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुमारे चाळीस वर्षं शिकवलं आणि तिथल्या संगीत शाखेच्या त्या प्रमुख झाल्या. पण त्या असामान्य. आपण हिशेब मध्यम उत्पन्नाचा धरावा, विक्रमी उत्पन्नाचा नव्हे. हे मी पिकाबद्दलही सांगतो.

मुलगी गेली. पहिलं वर्ष जड गेलं. सकाळी रियाज, मग वर्ग, दुपारी राग-ताल आणि संगीताचा इतिहास यांचे तास, संध्याकाळी पुन्हा रियाज. आपण चांगलं वाजवतो असं तिला वाटत होतं. तिथं गेल्यावर बाईंनी बैठकीपासून पुन्हा सुरुवात करायला लावली. दिवाळीला घरी आली तेव्हा डाव्या बोटांवर काळे चरे होते. आईनं हळद लावली आणि कापूस वेचून आल्यावर असंच होतं, एवढंच म्हणाली.

२०२० साली शेवटच्या वर्षात टाळेबंदी आली. मुलगी सतार घेऊन गावी परतली आणि महिने न् महिने घरीच राहिली. मोबाईलवर तास होत, पण रेंज फक्त विहिरीपाशी मिळायची. तिथं झाडाखाली पोतं टाकून ती बसायची. बाजाची तार तुटली, तर नवी मिळायला पंधरा दिवस लागले. त्या दिवसांत तात्यांनी पहिल्यांदा रोज सतार ऐकली. एक दिवस मला फोन करून म्हणाले, "साहेब, पोरगी एकच ओळ दोन-दोन तास घासती. मला वाटायचं वाजवनं म्हंजे मजा. हे तर नांगरटीवानी हाय." त्या माणसाचं मन तिथं वळलं, असं मला वाटतं.

आज ती पदव्युत्तर पदवी घेऊन तालुक्याच्या गावी आहे. एका शाळेत अर्धवेळ शिकवते, संध्याकाळी शिकवण्या घेते आणि आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या वीणा दुरुस्त करून देते. आकाशवाणीच्या चाचणीत एकदा नापास झाली. पुन्हा बसणार आहे. सेटचा अभ्यास चालू आहे. वर्षाचा हिशेब केला तर घरच्या दोन एकर कोरडवाहू ज्वारीपेक्षा तिचं उत्पन्न जास्त भरतं. फार नाही, पण जास्त भरतं. लग्न अजून झालेलं नाही. तिच्या अटी आहेत आणि तात्या आता त्या पाहुण्यांना स्वतःच सांगतात.

तुमच्या घरात असं मूल असेल तर काय करावं? आधी महिनाभर लक्ष ठेवा. कुणी न सांगता ते रोज वाद्याला बसतं का? बसत नसेल तर विद्यापीठात जाऊन बसणार नाही. बसत असेल तर त्याला घेऊन ती जागा डोळ्यांनी बघून या. कोण शिकवतं, एका शिक्षकामागं किती मुलं आहेत, शेवटच्या वर्षाची मुलं कशी वाजवतात, मागच्या पाच वर्षांतली मुलं आज काय करतात, हे विचारा. विचारायला लाजू नका. बियाणं घेताना आपण उगवणशक्ती विचारतोच. बडोदा एकच नाही. पुण्याच्या विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. विदर्भातल्या वाचकांना छत्तीसगडमधलं खैरागड जवळ. तिथल्या राजा-राणींनी आपला राजवाडा देऊन, राजकन्या इंदिरेच्या नावानं, १९५६ साली संगीत आणि कलांसाठीच वेगळं विद्यापीठ उभं केलं. मराठी मुलखातले थोर गायक श्रीकृष्ण रातंजनकर तिथले कुलगुरू होते.

आणि एक करा. पंढरीहून परतताना किंवा कोल्हापूरला जाताना कधी मिरजेला उतरलात, तर पोराबाळांना घेऊन सतारमेकरांच्या गल्लीत जा. भोपळे टांगलेले दिसतील, कुणी कानस घेऊन घोडी घासत असेल. दोन मिनिटं वाजवून दाखवा म्हटलं तर कारागीर नाही म्हणत नाहीत. आपल्या रानातल्या भोपळ्याचा आवाज एकदा कानांनी ऐका आणि मग काय ते ठरवा.